डावीकडे पाहणारा बैल

मामाजी, तो बैल मी केला नव्हता.

गेल्या पोळ्याला फुलसावंगीत तुमच्या ओट्यावर बसून मी पिशवीतून जो लाकडी बैल काढला आणि 'झाला एकदाचा' म्हणत तुमच्या हातात दिला, तो मी यवतमाळच्या बाजारातून आणला होता. आदल्या संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. त्याचा झगझगीत रंग मी स्वयंपाकघरात बसून पॉलिश पेपरने घासून काढला आणि आमच्या तनूच्या शाळेच्या पेटीतले रंग त्याला दिले, म्हणजे तो नवशिक्याच्या हातचा दिसावा. एवढी मेहनत खरा बैल करण्यावर घेतली असती, तर निदान शेपूट तरी झालं असतं.

हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की त्याच्या गुणांआड लपायला फार जागा असते, आणि मला लपायची सवय आहे.

आज रविवार. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. सकाळचे आठ वाजून गेले आणि फोन वाजला नाही. वर्षाने चहा ठेवला, फोनकडे पाहिलं, आणि दोन कपांऐवजी तीन कप ओतले. मग आम्ही दोघं हसलो. तिसरा मी प्यालो.

तुमचा रविवारचा फोन खरं तर तुमच्या लेकीसाठी असायचा. ती बोलून झाली की म्हणायची, 'बाबा, हे इथंच आहेत, देऊ का?' आणि मी हातानं 'नको नको' करायचो. जावयानं सासऱ्याशी काय बोलायचं? पीकपाणी, तब्येत, 'या कधी तरी', 'हो, येतो'. एका रविवारी मात्र तुम्ही मध्येच विचारलंत, "जवाईबापू, एक सांगा. पोटाचं काय केलं, हौसेचं काय केलं, अन् राह्यलं काय?"

मला वाटलं कोडं घालताय. तुम्ही समजावलंत. आठवड्याचं गाठोडं रविवारी सोडायचं. पोटाचं काम एक सांगायचं, फार नाही. हौसेचं एक सांगायचं. आणि राहिलेलं एक सांगायचं. मग तुम्ही तुमचं सांगितलंत. "पोटाचं: वावर नांगरून झालं. हौसेचं: सायकलची घंटी दुरुस्त केली."

"सायकल घेतली का मामाजी?"

"सायकल कुठली जी? ते तं बारा वर्सांपूर्वी मोडीत गेली. घंटी राह्यलती." आणि फोनवर ट्रिंग ट्रिंग वाजलं. "राह्यलेलं: आता इले सायकल शोधा लागन."

तेव्हापासून ती घंटी आमच्या रविवारात आली. ज्याचं त्याचं गाठोडं सोडून झालं की तुम्ही ती वाजवायचात. आधी नाही, 'राह्यलं' सांगून झाल्यावरच. कुणी राहिलेलं सांगायला टाळाटाळ केली की घंटी हातात धरून गप्प बसायचात. तुमच्या बटनाच्या फोनमधून ते गप्प बसणंसुद्धा ऐकू यायचं.

माझी अडचण हौसेच्या प्रश्नावर होती. पोटाचं माझ्याकडे ढीगभर होतं. मोबाइलमध्ये मी एक अॅप घेतलं होतं. सकाळी फिरणं, फायली, वाचन, पाणी पिणं, श्वासाचा व्यायाम, सगळ्याच्या रांगा आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण. शनिवारी रात्री सगळं हिरवं दिसलं की मला झोप लागायची. ते तुम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिरवं दिसते म्हणून पीक समजू नका जी. तण भी हिरवंच असते."

मी चिडलो होतो. जावयाचं चिडणं म्हणजे 'बरं, ठेवतो' म्हणून फोन ठेवणं. पुढच्या रविवारी पुन्हा वाद. मी म्हणायचो, आठवड्याच्या शेवटी काही राहता कामा नये. तुम्ही म्हणायचात, "ज्याचं काईच राह्यलं नाई, त्यानं सोमवारी उठाचं कायले?" हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. अजूनही मला वाटतं की पाणीपट्टी भरायची राहणं आणि कोतवाल पक्ष्याची शीळ शिकायची राहणं, यात फरक आहे. तुम्ही दोन्ही एकाच सुरात सांगायचात. शीळ मात्र शिकलात. एका रविवारी फोनवर वाजवून दाखवलीत आणि म्हणालात, "त्यानं उत्तर देल्लं! काय बोल्ला ते नाई समजलं, पण रागावलेला होता."

आणि मी? दर रविवारी हौसेपाशी आलो की 'काही विशेष नाही'. चार-पाच रविवार तुम्ही ऐकून घेतलंत. मग उन्हाळ्यात आम्ही आलो तेव्हा शिवणीच्या लाकडाचा एक ठोकळा, एक पटाशी आणि एक कानस दुपट्ट्यात बांधून माझ्या हाती दिलीत. "यंदाच्या तान्ह्या पोळ्याले तनूले जोडी देऊ. एक बैल मी करतो, एक तुमी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत हिंडतात, त्या गर्दीत आजोबांचा एक आणि बापाचा एक अशी जोडी ओढत जाणारी तनू मला तेव्हाच दिसली. छाती भरून आली. यवतमाळला आल्या आल्या मी अॅपमध्ये एक नवी रांग टाकली: बैल, रोज अर्धा तास.

पहिल्याच दिवशी मी बैलाचे चारही पाय मोकळे केले. दुसऱ्या दिवशी पोट तासताना एक पाय मोडला आणि अंगठ्यात पटाशी घुसली. ठोकळा कपाटावर गेला. रविवारी तुम्ही विचारलंत, "हौसेचं काय?"

मी म्हणालो, "बैलाला सुरुवात केली."

हे खोटं नव्हतं. 'राह्यलं' सांगून झाल्यावर तुम्ही इतक्या जोरात घंटी वाजवलीत की वर्षा स्वयंपाकघरातून पळत आली. आणि मला ती घंटी आवडली, मामाजी. पन्नाशीकडे आलेल्या, कचेरीत सही करून करून बोटं वाकडी झालेल्या माणसासाठी कुणी घंटी वाजवत नाही. पुढच्या रविवारी मी वशिंड झालं म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाठ. असे अकरा रविवार. अॅपमध्येही रोज बैलासमोर हिरवी खूण करत होतो, हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या अॅपला कोण विचारणार होतं? तरी केली.

तुम्ही दर आठवड्याला पुढचं सांगायचात. "पाय शेवटी मोकळे करजा. आधी केले तं बाकीचं तासता तासता मोडतात." मला ते ऐकताना अंगठा ठणकायचा. "कान जाड ठेवजा. पोरं कान धरूनच उचलतात." मी 'हो हो' म्हणत होतो, आणि नवल म्हणजे सगळं नीट ऐकतही होतो.

सातव्या की आठव्या रविवारी तुम्ही विचारलंत, "मान कशी ठेवली?"

खोट्याला तपशील लागतो, नाहीतर ते उभं राहत नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. म्हणालो, "जराशी डावीकडे वळवली आहे."

तुम्ही म्हणालात, "वा! मंग तुमचा बैल उजव्या बाजूचा. मी माह्याची मान उजवीकडे घेतो. दोघं एकमेकाले पाह्यतील. जोडी कशी पायजे? अशी पायजे." आणि 'राह्यलं' झाल्यावर पुन्हा जोरात घंटी.

तुम्ही जे बोलायचात ते करायचात. पोळ्याला आम्ही आलो तेव्हा तुमचा बैल ओट्यावर तयार होता. शिंगं लालसर, कान जाड, आणि मान उजवीकडे अशी वळलेली, की शेजारी कुणीतरी काही गमतीचं बोलतोय आणि हा ऐकतोय. मी पिशवीतून माझा काढला. बाजारातले सगळे बैल समोर पाहणारे होते, मामाजी. मी चार दुकानं पालथी घातली. वळलेल्या मानेचा एकही नव्हता.

तुम्ही दोघांना शेजारी ठेवलंत. तुमचा बैल मोठ्या प्रेमानं माझ्या बैलाकडे बघत होता आणि माझा बैल रस्त्याकडे.

"शेवटी मान सरळच ठेवली," मी म्हणालो.

तुम्ही माझ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवलात. तनूच्या पेटीतला निळा रंग तुमच्या तळव्याला लागला. तो तुम्ही धोतराला पुसलात, पाहिलाच नसल्यासारखा. आणि म्हणालात, "बरं केलं. एकानं तं रस्त्याकडं पाहावं. नाईतर दोघं गप्पा मारत मारत कुंपनात जातीन."

सगळा ओटा हसला. मीही हसलो. तनूने लगेच नावं ठेवली. तुमचा बैल गप्पाड्या. माझा बैल साहेब. "कारण हा पप्पांसारखा आहे," ती म्हणाली, "कुणाकडे बघतच नाही."

वर्षाने आदल्या रात्रीच मला गाठलं होतं, ऐन पॉलिश पेपर हातात असताना. दारात उभी राहून तिनं सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मी बाबाले काई सांगत नाई. पण त्यायनं मले इचारलं तं खोटं भी बोलणार नाई." मी महिनाभर धसक्यात होतो. तुम्ही तिला विचारलं नाहीत. लेकीला तुम्ही मिठाची किंमतसुद्धा विचारायचात, पण तिच्या नवऱ्याच्या बैलाबद्दल एक अक्षर नाही.

उलट गावभर सांगत सुटलात. दिवाळीला आलो तर पारावरची माणसं मला, "या, बैलवाले जवाईबापू," म्हणत होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. परत आलो आणि कपाटावरून ठोकळा खाली काढला. मोडक्या पायाचा आता उपयोग नव्हता. एका सुतारकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून शिवणीचा दुसरा तुकडा आणला. अॅप काढून टाकलं. रांग नको, खूण नको.

मामाजी, तुम्ही फोनवर अकरा रविवार शिकवलेलं सगळं माझ्याकडे जसंच्या तसं होतं. हातानं काही केलं नव्हतं, पण कानानं पूर्ण बैल केला होता. आधी वशिंड सोडा, पाठ त्याच्या हिशेबानं येते. पाय शेवटी. कान जाड. ऑफिसमधून आल्यावर मी गॅलरीत बसायचो, वर्षा शेजारी तूर निवडत बसायची आणि अधूनमधून तुमच्या आवाजात म्हणायची, "जवाईबापू, कान!" इतका आनंद मला कोणत्याही कामात झाला नाही. फायलीवर सही केली की फाईल जाते. लाकडावर पटाशी फिरवली की ते थोडं माझ्याकडे येतं.

गंमत बघा. जेव्हा काहीच करत नव्हतो तेव्हा दर रविवारी सांगायला काहीतरी होतं. आता रोज करत होतो, तर सांगायची सोय नव्हती. बैल तर केव्हाच झाला होता ना! तुम्ही विचारायचात, "हौसेचं काय?" आणि मी हाताला लाकडाचा भुसा लागलेला असताना म्हणायचो, "काही नाही."

तीन महिने असं चाललं. मग तुम्ही वर्षाला फोन द्यायला सांगितलंत आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलंत, "काहून वं, जवाईबापूची तब्येत गिब्येत बरी हाय ना? दिवाळीपासून हौसेले गंजच लागला म्हणावं. तू त्यायले लय काम तं नाई सांगत?"

वर्षा हसू दाबत म्हणाली, "बाबा, तुमचे जवाई बेस हायत. लयच बेस हायत."

होळी झाली आणि बैल झाला. मान डावीकडे. तशी फार सुंदर नाही. एक डोळा मोठा झाला आहे, आणि उजवा कान नीट घासायचा राहिलाय. रविवारी फोनची वाट न पाहता मी सकाळच्या एसटीत बसलो. बैल मांडीवर, दुपट्ट्यात गुंडाळलेला, शिंगं बाहेर. आर्णीच्या पुढे कंडक्टरनं वाकून पाहिलं. "साहेब, याचं हाफ की फुल?"

तुम्ही ओट्यावर तूर पाखडणाऱ्या मामींना काहीतरी शिकवत होता आणि त्या शिकत नव्हत्या. मी बैल तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही अंगठ्यानं मानेची वळणाची जागा चाचपलीत, पुन्हा चाचपलीत. आत गेलात. तनू पुढच्या पोळ्यासाठी इथंच ठेवून गेलेले गप्पाड्या आणि साहेब, दोघांनाही घेऊन आलात. गप्पाड्याच्या उजव्या हाताला नवा बैल ठेवलात. दोघांची तोंडं समोरासमोर आली. एवढे महिने भिंतीकडे बघून हसणाऱ्या तुमच्या बैलाला शेवटी कुणीतरी भेटलं. मग साहेबाला उचलून दोघांच्या पुढे ठेवलंत. "हा पुढं चालन. रस्ता दाखवाले कोणी पायजेच."

"मामाजी, नव्याच्या पोटाखाली पाहा," मी म्हणालो. पटाशीच्या खुणा तिथे मी मुद्दाम ठेवल्या होत्या.

"जवायाचा बैल उलटा कराचा नसते," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी.

"मामाजी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तुम्ही हात वर केलात. "राह्यलं म्हणून ठेवा. पुढच्या रविवारी सांगजा. जवायानं एका दिवशी दोन चांगले कामं करू नाई, सासऱ्याले झेपत नाई." आणि घंटी वाजवलीत. राहिलेलं न सांगता, पहिल्यांदाच.

बुधवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते झालातच. मामी म्हणाल्या, शेवटचं बोलले ते एवढंच, 'आज ताकात मीठ बरोबर हाय'. तुमच्या तोंडून ताकाची स्तुती चाळीस वर्षांत त्यांनी प्रथमच ऐकली होती, आणि रडता रडता त्या हेच सगळ्यांना सांगत होत्या.

तेरवीला ओटा भरला होता. जेवणं झाली, सुपारी फिरली, तुमच्या गोष्टी निघाल्या. हसणं थांबेना. तुमचे सोबती किसनआबा यांनी कोनाड्यातला साहेब उचलला आणि पाहुण्यांना दाखवत म्हणाले, "अन् हा जवाईबापूनं केला बरं."

आत्ता गप्प बसलो असतो, तर तो बैल जन्मभर माझा झाला असता. आणि सांगितलं असतं, तर गावभर मला मिरवणारे तुम्ही खोटे पडला असता. यातलं एक निवडायचं होतं आणि तुम्ही विचारायला नव्हता.

"आबा, तो मी नाही केला," मी म्हणालो. "बाजारातून आणला. मामाजींना खोटं सांगितलं."

किसनआबांनी बैल हळूच उलटा केला. एका मापाची, यंत्रावरची चार चाकं. पोटाला बाजारातल्या रंगाचा एक पट्टा, घासायचा राहून गेलेला.

"अवो जवाईबापू," ते म्हणाले, "हे तं आमाले त्याच दिवशी दिसलं. पोळ्याच्या दिवशी मी उचलाले गेलो तं तुमच्या सासऱ्यानं माहा हात धरला. म्हणे, जवायाचा बैल कोणी उलटा कराचा नाई. पारावर सांगून ठेवलतं सगळ्याले. म्हणे, थांबा. यंदा बाजारातून आणला, पुढच्या साली करन. माह्या बैलानं मान वळवून ठेवली हाय, तो वाट पाह्यते."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, वर्षा सगळ्यांत जास्त, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मामाजी. मला 'बैलवाले जवाईबापू' म्हणणारा प्रत्येक जण तुमचा शब्द पाळत होता. आणि मी मात्र दिवाळीला उपाशी झोपलो.

हसणं ओसरलं तशा मामी आतून आल्या. हातात घंटी होती. त्या माझ्यासमोर टेकल्या आणि म्हणाल्या, "आज रविवार नाई. पण सांगा. पोटाचं काय?"

मी सांगितलं, आठवडाभर ऑफिसला गेलो नाही, पण परवा सगळ्यांना पुरेल एवढं पाणी भरलं.

"हौसेचं?"

मी कोनाड्याकडे बोट केलं. गप्पाड्या आणि त्याचा जोडीदार. अजून बोलतच होते.

"अन् राह्यलं काय?"

मामींनी घंटीवर अंगठा ठेवला आणि तुमच्यासारख्याच गप्प बसल्या. माझ्या घशातून ऑफिसची भाषा निघेना. जी निघाली ती तुमची होती.

"मामाजी, अकरा रविवार मी तुमाले खोटं सांगतलं. तुमी मान वळवून बसले, अन् मी पाह्यलं नाई. मले माफ करा जी."